व्होल्ट नेमके कुठे हरवतात? गाडीच्या वायरिंगसाठी डिजिटल मल्टीमीटर वापरायचा आणि सांभाळायचा कसा

ऊस हंगाम सुरू झाला की बीड-परभणी-लातूर भागातले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. कारखान्याच्या आवारात नंबर लागतो, ट्रॅक्टर बंद होतो आणि पुन्हा सेल्फ मारला की नुसता टक् असा आवाज येतो. मग बॅटरी बदलली जाते. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवला जातो, त्याचे कार्बन बदलले जातात. शेवटी दोष निघतो इंजिनकडून चेसीवर येणाऱ्या एका अर्थिंगच्या वायरीत, तिच्या थिंबलखाली (वायरीच्या टोकाची धातूची कडी) साचलेल्या खारात. दोनशे-चारशे रुपयांच्या वायरीसाठी हजारोंचं सामान बदललेलं असतं.

हा खर्च टाळता येतो आणि त्यासाठी मीटर महागडं असायलाच हवं असं नाही. मात्र मीटर कधी लावायचं हे कळायला हवं. बंद सर्किटवर घेतलेलं रीडिंग बहुतेक वेळा फसवतं. लोड चालू असताना घेतलेलं रीडिंग दोष कुठे आहे ते दाखवतं. पुढच्या बहुतेक चाचण्या याच पायावर उभ्या आहेत.

मीटर कोणतं घ्यावं

बाजारात सगळ्यात जास्त दिसतं ते छोटं पिवळं डीटी-८३० जातीचं मीटर. बॅटरी, बल्ब, हॉर्न, फ्यूज एवढ्यासाठी ते पुरतं. त्याच्या दोन मर्यादा मात्र माहीत हव्यात. पहिली, १० अँपिअरच्या सॉकेटला आत बहुधा फ्यूज नसतो. दुसरी, त्याचा आतला रोध साधारण १ मेगाओमच असतो, चांगल्या मीटरचा १० मेगाओम असतो. या फरकाने काय बिघडतं? समजा सेन्सरच्या सर्किटमध्ये १०० किलोओमचा रोध आहे आणि खरे व्होल्ट ५ आहेत. छोटं मीटर तिथे ४.५५ दाखवेल, १० मेगाओमचं ४.९५ दाखवेल. म्हणजे सेन्सर चांगला असूनही मीटरच त्याला खराब ठरवतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले आणि दुचाकीतही इंजेक्शन, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) आणि सेन्सर आले. त्यामुळे गॅरेज चालवणाऱ्याने तरी १० मेगाओमचं, दोन्ही करंट सॉकेटना फ्यूज असलेलं, कॅट-३ ६०० व्होल्ट (मीटरची सुरक्षेची श्रेणी) लिहिलेलं मीटर घ्यावं. मिन-मॅक्सचं बटण असेल तर फारच उत्तम. सेल्फ मारताना व्होल्ट क्षणभर किती खाली गेले ते पकडायला आकड्याकडे टक लावून बसावं लागत नाही. नाशिकच्या ऋषभसारख्या आपल्याकडच्या कंपन्यांची मीटरं मिळतात, त्यांचे प्रोब आणि फ्यूज सुटे मिळतात का हे विकत घेतानाच विचारून ठेवा.

प्रोब आणि डायल

काळा प्रोब कायम कॉम लिहिलेल्या सॉकेटमध्ये. लाल प्रोब व्होल्ट आणि ओमच्या सॉकेटमध्ये. तिसरं सॉकेट १० अँपिअरचं, त्यात लाल प्रोब फक्त करंट मोजायच्या वेळी जातो आणि मोजून झालं की तत्क्षणी परत जागेवर येतो. ही सवय हाताला लागेपर्यंत दुसरं काही शिकू नका, असं मी गॅरेजमधल्या पोरांना सांगतो. करंटच्या सॉकेटमध्ये मीटर म्हणजे आतून जवळपास सरळ तारच. लाल प्रोब तिथेच विसरून तुम्ही बॅटरीचे व्होल्ट बघायला गेलात, तर बॅटरी थेट शॉर्ट होते. फ्यूज असेल तर तो उडतो. नसेल तर प्रोब वितळतो आणि हात भाजतो.

गाडीसाठी डायल डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा. ट्रक आणि बसची सिस्टिम २४ व्होल्टची असते, तिथे २०० वर. ऑटोरेंज मीटरला हे निवडावं लागत नाही, पण एसी की डीसी हे बघावंच लागतं. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. बॅटरी चार्जिंगला असताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून तिथे विडी-सिगारेट नको आणि ठिणगीही नको.

बॅटरी: तीन अवस्था, तीन रीडिंग

गाडी रात्रभर उभी असेल तर उत्तम. नुकतीच चालून आली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि थोडा वेळ थांबा, नाहीतर वरवरच्या चार्जमुळे आकडा फुगलेला दिसतो. लाल प्रोब प्लसच्या खांबावर, काळा मायनसच्या खांबावर. खांबावर म्हणजे शिशाच्या खांबावरच, क्लॅम्पवर नाही. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव उरलेली. ११.९ च्या खाली ती उतरलेलीच समजा आणि आधी चार्ज करा. उतरलेल्या बॅटरीवर पुढची कुठलीही चाचणी करण्यात अर्थ नाही.

आता प्रोब तिथेच ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी दमलेली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. उभी असताना १२.६ आणि सेल्फला ७, अशी बॅटरी आतून गेलेली असते. नुसतं उभ्या गाडीवर बघणारा तिला चांगली म्हणून परत लावतो.

तिसरं रीडिंग इंजिन चालू करून, थोडी रेस देऊन. १३.८ ते १४.७ च्या दरम्यान हवं. १३ च्या खाली राहिलं तर चार्जिंग होत नाही, बेल्ट ढिला आहे का ते आधी बघा. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) गेलाय, बॅटरीचं पाणी उकळून उडेल आणि बल्बही जातील. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत ईसीयू अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) कमी-जास्त करतो, तिथे थोडा वेळ साडेबारा-तेरा दिसलं म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवू नका. हेडलाइट आणि एसीचा ब्लोअर लावून पुन्हा बघा.

याच ठिकाणी डायल एसी व्होल्टवर फिरवून एक रीडिंग घ्या. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असण्याची दाट शक्यता. ही दोन सेकंदांची चाचणी आहे आणि फार कमी जण करतात. स्वस्त मीटरचा एसीचा सगळ्यात खालचा टप्पा २०० व्होल्टचा असतो आणि काही मीटरं डीसीलाही एसी म्हणून आकडा दाखवतात. तेव्हा आधी इंजिन बंद असताना बॅटरीवर एसी बघा. तिथेच आकडा आला तर त्या मीटरवर ही चाचणी करू नका.

आपल्याकडे बॅटरी मरते उन्हाळ्यात, पण कळतं हिवाळ्यात. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ च्या पुढे जातो, बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेने आतल्या प्लेटा झिजतात आणि पाणी आटतं. मग डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक अंकी झाला की पहाटे इंजिन जड होतं आणि बॅटरी हात टेकते. म्हणून दिवाळीच्या सुमारास सेल्फचं रीडिंग घेऊन डायरीत लिहून ठेवा.

व्होल्टेज ड्रॉप: खरी चाचणी ही

ठिबकच्या नळीत कुठे कचरा अडकला असेल तर मोटार बंद असताना नळी बरोबरच दिसते. मोटार चालू केल्यावरच शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही हे कळतं. वायरीचंही तसंच आहे. करंट वाहत असतानाच अडथळ्यावर व्होल्ट खर्च होतात.

कंटिन्यूइटीचा, म्हणजे जोड आहे की नाही ते सांगणारा, बीप इथे कामाचा नाही. केबलच्या शंभर तारांपैकी एक जरी शिल्लक असली तरी बीप वाजतो. ओमवर ठेवूनही दोष पकडता येत नाही. सेल्फच्या केबलमध्ये फक्त ०.०१ ओमचा रोध वाढला आणि सेल्फने १५० अँपिअर ओढले, तर दीड व्होल्ट वाटेतच जातात. साधं मीटर ०.१ ओमच्या खालचं दाखवतच नाही. म्हणजे ज्या दोषाने ट्रॅक्टर बंद पडलाय तो ओमच्या डायलवर शून्यच दिसतो.

तर असं करा. इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेलचा स्टॉप नॉब ओढून ठेवा, पेट्रोल गाडीत फ्युएल पंपाचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) काढा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती.

डायल २० व्होल्टवर. आधी बॅटरीच्या दोन खांबांवर, सेल्फ मारत असताना. समजा १०.९ आले. मग लाल प्रोब सेल्फच्या जाड टर्मिनलवर (सोलेनॉइडकडून मोटारीत जाणाऱ्या) आणि काळा सेल्फच्या बॉडीवर, तसाच सेल्फ मारत. समजा ८.६ आले. बॅटरी १०.९ देते आणि सेल्फला ८.६ मिळतात, म्हणजे २.३ व्होल्ट वाटेत गेले. कुठे गेले ते आता शोधायचं. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, काळा सेल्फच्या जाड टर्मिनलवर, सेल्फ मारा: ०.५ आले. प्लसच्या बाजूला केबल आणि सोलेनॉइड (सेल्फवरचा मोठा स्विच) मिळून अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. आता लाल सेल्फच्या बॉडीवर आणि काळा बॅटरीच्या मायनसच्या खांबावर: १.८ आले. इथे ०.२, फार तर ०.३ यायला हवे होते. चोर सापडला, दोष अर्थिंगच्या बाजूला आहे.

एवढ्यावर थांबू नका. काळा प्रोब मायनसच्या खांबावरच ठेवा आणि लाल प्रोब एकेक जोड मागे आणत जा: सेल्फची बॉडी, इंजिनचा ब्लॉक, चेसी, अर्थिंगच्या वायरीचं चेसीवरचं थिंबल, मायनसचा क्लॅम्प. प्रत्येक ठिकाणी सेल्फ मारून बघा. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, खार तिथे आहे. इंजिनवर १.८ आणि चेसीवर ०.१ आले तर इंजिन आणि चेसीच्या मधली वायर दोषी. जोड खोला, पत्रा चमकेपर्यंत घासा, रंग आणि खार काढा, नट नीट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. मग सगळी रीडिंग पुन्हा घ्या. दुरुस्तीनंतर रीडिंग न घेता बोनेट बंद करू नका.

हेच तत्त्व हेडलाइटला लागू पडतं. ६० वॅटचा बल्ब साधारण ५ अँपिअर ओढतो. होल्डरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये ०.२ ओमचा रोध असेल तर एक व्होल्ट गेला, आणि हॅलोजन बल्बचा उजेड त्याने जवळपास पाव भाग कमी होतो. बल्ब चालू ठेवून लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि काळा बल्बच्या प्लसच्या पिनवर लावा. मग बल्बच्या अर्थिंगच्या पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. होल्डर काढून, बल्ब न लावता घेतलेले १२ व्होल्ट काहीच सांगत नाहीत.

ट्रॉलीबद्दल दोन शब्द, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. पुष्कळ ट्रॉल्यांच्या मागच्या लाइटला अर्थिंगची वेगळी वायरच नसते, करंट हुकाच्या पिनेतून परत येतो. पिनेवर ग्रीस आणि काळी माती. ट्रॉली हलली की लाइट मिणमिणतात, ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतो. ट्रॉलीचा लाइट चालू ठेवून लाल प्रोब ट्रॉलीच्या सांगाड्यावर आणि काळा ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या मायनसवर लावा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर पिनेवर भरवसा ठेवू नका, सॉकेटमधून स्वतंत्र अर्थिंगची वायर ओढा. रात्री माजलगाव-गंगाखेड रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीचा मागचा लाइट न दिसल्याने मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव जाऊ शकतो.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते तेव्हा

गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ उचलत नाही, अशी तक्रार म्युझिक सिस्टिम, जीपीएस किंवा एलईडी पट्टी बाहेरून बसवलेल्या गाड्यांत फार येते. इथे करंट मोजायचा.

१. चावी काढा, सगळे लाइट बंद करा. बोनेट उघडं ठेवा आणि ज्या दारातून काम करायचंय त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल.

२. लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये, डायल डीसी अँपिअरच्या १० वर.

३. बॅटरीच्या मायनसचा क्लॅम्प सोडवा. लाल प्रोब सुटलेल्या क्लॅम्पला आणि काळा प्रोब मायनसच्या खांबाला, मगरीच्या चिमट्याने.

४. आता थांबा. ईसीयू आणि बाकीची युनिटं झोपायला अर्धा तास, काही गाड्यांत त्याहून जास्त वेळ घेतात. सुरुवातीला दोन-तीन अँपिअर दिसले तरी घाबरू नका. ज्या स्वस्त मीटरवर १० अँपिअरच्या सॉकेटजवळ दहा सेकंदांची मर्यादा लिहिलेली असते, ते तेवढा वेळ लावून ठेवू नका. क्लॅम्प आणि खांब एका जाड वायरीने जोडून ठेवा आणि अर्ध्या तासाने मीटर लावल्यावर ती वायर काढा.

५. शेवटी ०.०५ अँपिअर, म्हणजे ५० मिलिअँपिअर किंवा कमी राहिलं तर ठीक.

६. मीटर असं जोडलेलं असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबात मारायचा नाही.

अर्धा अँपिअर सतत जात असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी तिसऱ्या दिवशी रिकामी. चोर शोधायला लोक एकेक फ्यूज उपटतात, पण फ्यूज काढून पुन्हा लावला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि सगळा गोंधळ होतो. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्टमध्ये मीटर लावा. त्याआधी क्लॅम्प आणि खांब जाड वायरीने जोडून मगच मीटर काढा, आणि लाल प्रोब व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत आणायला विसरू नका. शून्य आला तर त्या फ्यूजमधून करंट जात नाही. अर्धा-एक मिलिव्होल्ट जरी आला तरी करंट तिथून जातोय. सगळे फ्यूज शांत असतील तर मीटर पुन्हा आधीसारखं करंटवर जोडा आणि अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा. आतला डायोड गळत असला तर आकडा एकदम खाली येतो.

ओमवर काय तपासायचं

ओम फक्त बंद आणि सुट्या सर्किटवर. आधी दोन प्रोब एकमेकांना लावा, जो आकडा येईल तो पुढच्या रीडिंगमधून वजा करा. रिलेच्या ८५ आणि ८६ पिनांवर साधारण ७० ते १०० ओम यावेत. ८५-८६ ला १२ व्होल्ट दिल्यावरच ३० आणि ८७ मध्ये जोड व्हावा. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर थंड असताना दोन-तीन किलोओम आणि इंजिन गरम झाल्यावर दोन-तीनशे ओम दाखवतो. आकडा एकसारखा हळूहळू उतरला पाहिजे, मध्येच उडी नको.

वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे आणि आपल्या भागात दुचाकीचं काम तुफान असतं, म्हणून स्टेटरचंही (इंजिनमधलं वीज तयार करणारं कॉइल) सांगतो. तीन पिवळ्या वायरी असलेल्या स्टेटरचा कपलर काढा. कुठल्याही दोन पिवळ्यांमध्ये सारखाच, एक ओमच्या आसपास किंवा कमी रोध हवा. पिवळी आणि बॉडी यांच्यात काहीच जोड नको. मग इंजिन चालू करून डायल एसी व्होल्टवर आणि तिन्ही जोड्या मोजा. रेस वाढवली की आकडा चढला पाहिजे आणि तिन्हींत सारखा हवा. तिन्ही सारखे असूनही बॅटरीवर १४ येत नसतील तर रेग्युलेटर-रेक्टिफायर (एसीचं डीसी करून व्होल्ट आवरणारं युनिट) बघा.

एका गोष्टीसाठी हात जोडून सांगतो: वायरीला सुई टोचून रीडिंग घेऊ नका. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी शिरतं आणि तांबं आतून काळं पडतं. कपलरच्या मागच्या बाजूने, रबराच्या कडेने बारीक पिन सरकवून प्रोब लावा.

एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला ओम लावायचा नाही, मीटरच्या करंटनेसुद्धा ती फुटू शकते. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्ट असतात, तिथे प्रोब नाही. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या नारिंगी केबलला प्रशिक्षण आणि इन्सुलेटेड हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

मीटर सांभाळायचं कसं

सगळ्यात आधी प्रोब बघा, कारण मीटरपेक्षा त्यांच्या वायरी लवकर जातात. ओमवर ठेवून दोन्ही टोकं एकमेकांना लावा आणि वायर मुळाशी हलवत राहा. अर्ध्या ओमच्या आत स्थिर राहिलं तर ठीक. आकडा नाचत असेल तर वायर आतून तुटत आलीय, नवी जोडी घ्या. चिरलेल्या वायरीला टेप गुंडाळून काम चालवू नका.

मीटरची ९ व्होल्टची बॅटरी उतरली की रीडिंग खोटं येतं, बऱ्याचदा खऱ्यापेक्षा जास्त. स्क्रीनवर बॅटरीचं चिन्ह आलं की त्याच दिवशी बदला. हंगाम संपल्यावर मीटर दोन-चार महिने पडून राहणार असेल तर बॅटरी काढूनच ठेवा, गळाली तर आतल्या पट्ट्या खाऊन टाकते. बॅटरी किंवा फ्यूज बदलायला झाकण उघडण्याआधी दोन्ही प्रोब सॉकेटमधून काढा.

करंटचं रीडिंग एकदम शून्य येऊ लागलं तर आधी फ्यूज तपासा. फ्यूज जितक्या अँपिअरचा आणि ज्या जातीचा होता तसाच बसवा. सिरॅमिकच्या जागी काचेचा नको, आणि तांब्याची तार तर कधीच नको. तो फ्यूज तुमच्या हातासाठी आहे.

काळ्या मातीची धूळ बारीक असते, सॉकेटमध्ये आणि डायलच्या फटीत जाऊन बसते. ब्रशने झाडा, सॉकेट आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. बाहेरून ओलसर फडकं पुरे. पेट्रोल आणि थिनरने प्लॅस्टिक आणि स्क्रीन दोन्ही धुरकट होतात. बऱ्याच साध्या मीटरांची काम करायची मर्यादा ४० अंशांपर्यंतच असते, तेव्हा मे महिन्यात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर मीटर टाकून जेवायला जाऊ नका. डब्यात किंवा जाड कापडी पिशवीत, सावलीत ठेवा, पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी सोबत टाका.

वर्षातून एकदा आपलं मीटर दुसऱ्या चांगल्या मीटरशेजारी त्याच बॅटरीला लावून बघा. १२ व्होल्टवर ०.१ पेक्षा जास्त फरक आला तर आधी दोन्ही मीटरांच्या बॅटऱ्या बदला, प्रोब अदलाबदल करा. तरीही फरक राहिला तर ते मीटर बीप आणि बल्बच्या कामाला ठेवा. १२.४ आणि १२.६ मधला फरक ज्यावर ठरवायचाय त्या कामाला दुसरं घ्या. कंपन्यांना पुरवठा करणाऱ्या वर्कशॉपला प्रमाणपत्र लागत असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरच्या अचूकतेची तपासणी, करून घेता येतं.